तुम्ही विचारलंत म्हणून: नवं पेन मागवायचा हात आवरायचा कसा?

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, कुठल्याही बाजूचा शाईपेनवाला भेटला की हा प्रश्न येतोच. "घरात पंधरा पेनं आहेत, त्यातली चार चालू आहेत, तरी फोनवर नवीन दिसलं की मागवलंच जातं. हात आवरायचा कसा?"

नुसत्या निश्चयाने हात आवरत नाही. 'या वर्षी एकही पेन नाही' असा नेम दिवाळीच्या सवलतीत मोडतो आणि मोडला की माणूस एकाच्या जागी तीन घेतो. माझं उत्तर वेगळं आहे. नवं पेन घ्यायची ओढ बहुतेक वेळा जुन्या पेनाच्या न काढलेल्या तक्रारीतून येते. पहिलं अक्षर उमटत नाही, निब खरखरते, शिरोरेषा मधेच तुटते, अर्ध्या पानात बोट दुखायला लागतं. मग ते पेन डब्यात जातं आणि नजर बाजाराकडे वळते. तक्रार काढली की ओढ बरीच ओसरते. म्हणून पैसे भरायच्या आधी टेबलावरचं पेन उघडा.

सुरुवात धुण्याने. ग्लासभर साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. कन्व्हर्टरने, म्हणजे पेनात बसणाऱ्या शाई ओढायच्या छोट्या नळीने, ते पाणी दहा-पंधरा वेळा आत घ्या, बाहेर सोडा. मग नुसत्या पाण्याने, रंग पूर्ण जाईपर्यंत. अगदी कोरं पेनही असंच धुवायचं, कारण कारखान्यातलं तेल जिभेच्या, म्हणजे निबखालच्या शाई पोचवणाऱ्या भागाच्या, खाचांत राहिलेलं असतं आणि तेलावर शाई धरत नाही. 'नवीन पेन अडतं' या तक्रारीतल्या कितीतरी इथेच मिटतात. पाणी गरम घेऊ नका. एबोनाइटची (कडक रबराची) झळाळी जाऊन ते मातकट होतं आणि काही प्लॅस्टिकच्या पेनांचे आटे वाकडे होतात.

धुऊन, वाळवून झालं की साधी रॉयल ब्लू भरा, कॅम्लिनची. चमकीची शाई तपासणीला नको. तिचे कण जिभेच्या बारीक खाचांत बसतात आणि मग दोष पेनाचा की शाईचा हे कळत नाही.

आता लिहून बघा, पण सही करून नव्हे. सही प्रत्येकाची सवयीने सुटते, तिच्यात दोष लपतो. वीतभर लांब शिरोरेषा सावकाश ओढा. ती तुटली तर शाईचा पुरवठा कमी आहे. मग क्ष, ज्ञ, द्ध, ष्ट लिहा. रोजच्या एकेरी वहीत यांची पोटं भरून काळी झाली, तर निब तुमच्या अक्षराला जाड आहे. १.१ मिलिमीटरची स्टब (सपाट टोकाची) निब फोटोत देखणी दिसते, उभा दंड जाड आणि शिरोरेषा बारीक येते. पण बारीक अक्षराच्या माणसाची जोडाक्षरं तिच्यात बुडतात. त्यानंतर चार ओळी कन्नड लिहा. आपल्या भागातल्या बहुतेकांना ती येते आणि पेन तपासायला तिच्याइतकं चांगलं साधन नाही. देवनागरीत हात जास्त करून आडवा-उभा चालतो. कन्नडच्या गोल अक्षरांत निब सगळ्या दिशांना फिरते, त्यामुळे एकाच दिशेला असलेली खरखर लगेच हाताला लागते.

दोष सापडला की कारण शोधायचं. इथे घाई सगळ्यात महागात पडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खरखर एकाच दिशेला असेल तर निबच्या दोन पात्या वर-खाली झालेल्या असतात. दहापटीचं भिंग घ्या, सराफ आणि घड्याळवाले वापरतात तसलं, आणि निब टोकाकडून समोरून बघा. एक पाती केसभर वर दिसेल. ती नखाने हळू खाली दाबा, दोन सेकंद धरा, सोडा, पुन्हा बघा. दोन-चार वेळा केलं की बसते. इथे घासपट्टीला हात लावू नका. वर-खाली असलेली निब घासली की पुढे आलेल्या पातीचं टोकच झिजतं आणि मग पात्या सरळ केल्या तरी दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत. चांगल्या निबा मरतात त्या बहुधा अशाच. टोकावरचा तो दाणा कठीण मिश्रधातूचा असतो, त्याला अजून सगळे इरिडियम म्हणतात. तो जेमतेम असतो आणि गेलेला परत येत नाही.

निब गुळगुळीत आहे पण पहिली रेघ उमटत नाही, जरा दाबलं की उमटते, असं असेल तर दोष उलटा आहे. निब जास्त घासली गेलीय. दोन्ही दाण्यांच्या आतल्या कडा गोल झाल्यात, फटीपाशी खळगा पडलाय. शाई फटीत येऊन थांबते, कागदाला टेकत नाही. यावर आधी थोड्या जाड आणि मग १ मायक्रॉनच्या लॅपिंग फिल्मवर (अगदी बारीक घासपट्टीवर) आठाचे आकडे काढतात. पाच-सहा आकडे, पुसणं, लिहून बघणं, मग पुढचे. सलग तीस आकडे काढायचे नाहीत. हात बसलेला नसेल तर पहिला प्रयोग स्वस्त निबवर करा.

रेघ सगळीकडेच कोरडी येत असेल तर निब उजेडासमोर धरा. मधल्या भोकापासून टोकापर्यंत उजेडाचा दोरा दिसायला हवा, टोकाकडे निमुळता होत गेलेला. उजेड अजिबात दिसत नसेल तर फट आवळलेली आहे. ०.०५ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी फटीतून एक-दोनदा हलकेच फिरवा, पिळू नका. फट टोकाकडे रुंद झाली असेल तरीही पेन अडतंच, कारण शाई अरुंद जागेकडे ओढली जाते आणि रुंद टोकापर्यंत पोचत नाही. जोराने दाबून लिहिणाऱ्यांच्या निबा अशा होतात. एबोनाइटची जीभ निबला चिकटून बसली नसेल तर जीभ आणि निब दोन्ही उकळीच्या खालच्या पाण्यात वीसेक सेकंद बुडवून, बाहेर काढून लगेच बोटाने एकमेकांवर दाबून गार होऊ द्यायची. एबोनाइट गरम असताना आकार घेतं. वर गरम पाणी नको म्हटलं ते नळी-टोपणासाठी, हा उपाय फक्त जिभेसाठी. प्लॅस्टिकच्या जिभेवर तो करू नका.

ड्रॉपरने भरायच्या पेनांची तक्रार ठरलेली, ठिपका पडतो. नळीत शाई एक तृतीयांशाच्या खाली गेली की वर हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाई बाहेर ढकलते. उपाय एवढाच, तिथपर्यंत जाऊ न देता भरत राहायचं. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावायचं. व्हॅसलीन नको, त्याने रबराच्या रिंगा खराब होतात. गोव्याहून चोर्ल्याच्या घाटाने बेळगावला येताना टोपणात शाई साचते, त्याचंही कारण हेच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच. वर चढताना बाहेरचा दाब कमी होतो आणि नळीतली हवा पसरते. पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं ठेवा, निब वर करून. हे माहीत नसल्यामुळे चांगली पेनं 'गळकी' ठरून डब्यात जातात आणि त्यांच्या जागी दुसरी येतात.

कागदाचंही तसंच. एकाच जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीचा पाऊस आहे आणि अथणीचा कोरडा उन्हाळा आहे. जूनपासून खानापूरकडे वही दमट होते, शाई तंतूतंतूंनी पसरते, बारीक निबही मध्यम वाटायला लागते. लोक आणखी बारीक निबचं पेन मागवतात. त्याऐवजी वही झाकणाच्या डब्यात ठेवा आणि कागद बदला. नुसते जीएसएम, म्हणजे कागदाचं वजन, बघू नका. ८० जीएसएमचा चांगला लेप दिलेला कागद १०० च्या साध्या कागदापेक्षा शाई छान धरतो. वही लाखाच्या पेनालाही लागते, तेव्हा पहिला खर्च तिच्यावर. उलट अथणी-रायबागकडे एप्रिलमध्ये शाईतलं पाणी उडतं, रंग मागे राहतो, शाई दाट होते आणि पेन अडतं. सात-आठ पेनं एकदम भरून ठेवणाऱ्यांचं हे हटकून होतं. तीनच भरलेली ठेवा. चौथं भरायचं तर एक धुवायचं.

एवढं करूनही एखादं पेन डोक्यातून जात नसेल, तर ते घेणं चूक नाही. मात्र काय घेतोय ते कळलं पाहिजे. आपल्या देशातल्या आणि बाहेरच्याही कितीतरी कंपन्या निब स्वतः बनवत नाहीत, जर्मनीच्या योवो किंवा बॉकच्या बसवतात. म्हणजे हिरवं, निळं आणि ठिपक्याठिपक्यांचं अशी तीन पेनं घेतली तरी कागदावर तीनही सारखीच लिहिणार. वेगळं लिहिणं हवं असेल तर निबचं युनिट, म्हणजे निब आणि जीभ एकत्र, वेगळं मिळतं. योवोची ६ नंबरची युनिटं आट्यांवर फिरवून काढता येतात आणि पेनाच्या किमतीच्या मानाने स्वस्त पडतात. मर्यादित आवृत्ती म्हणून जे विकतात त्यात बहुधा रंगच मर्यादित असतो. रंगासाठी घ्यायचं असेल तर रंगासाठी म्हणून घ्या, 'याने अक्षर सुधारेल' म्हणून नको.

आपल्याकडे हजाराच्या वरचं पेन हातात घेऊन लिहून बघायची सोय फारशी नाही. बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्लीत शाळेची पेनं मिळतात, बाकी सगळं फोटो बघून. त्यामुळे मापं घ्यायला शिकावं लागतं. तुम्हाला सर्वांत आवडणाऱ्या पेनाची तीन मापं काढा: बोटं जिथे धरतात तिथली जाडी, टोपण न लावता लांबी आणि वजन. पहिल्या दोन मापांना व्हर्नियर हवा, तो उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, लेथवर काम करणाऱ्या कुणाकडेही असतो. वजन सराफाच्या काट्यावर. पकडीची जाडी साधारण ९ ते १२ मिलिमीटर असते आणि एका मिलिमीटरचा फरक तासभर लिहिताना बोटांना जाणवतो. ही मापं वहीत लिहून ठेवली की फोटोतल्या दहा पेनांपैकी सात आपोआप गळतात.

राहिलेल्या तिनांसाठी मी भरण्या मोजायला सांगतो, दिवस नाही. तीस दिवस थांबायचं ठरवलं तर माणूस न लिहिताच तीस दिवस काढतो. त्याऐवजी हातातलं पेन तीनदा पूर्ण रिकामं होईपर्यंत लिहा, मग ठरवा. कन्व्हर्टरमध्ये अंदाजे ०.७ मिलिलिटर शाई बसते. आठवड्याला एक भरणी धरली तरी तीन आठवडे झाले, आणि तेही लिहिण्यात. हाच हिशेब दौतींना लावा. ६० मिलिलिटरची एक दौत पंच्याऐंशी भरण्यांची, म्हणजे दीड वर्षाहून जास्त. पाच दौती फडताळात असतील तर आठ वर्षांची शाई घरात आहे.

घ्यायचंच ठरलं तर राजमहेंद्री, हैदराबाद, चेन्नईकडच्या कारागिरांकडून मागणी देऊन करून घ्या. लांबी, जाडी, एबोनाइटचा रंग, निब, भरायची पद्धत हे सगळं तुम्हाला ठरवून सांगावं लागतं, आणि पेन यायला काही आठवडे लागतात. वर काढलेली मापं इथे कामी येतात. माझ्या मते खरा संग्रह अशाच पेनांचा होतो. त्यातलं प्रत्येक का घेतलं, हे सांगता येतं.

आणि वर्षातून एकदा सगळी पेनं बाहेर काढा. खंडेनवमीचा दिवस त्याला चांगला. उद्यमबागेत लेथ पुसून पुजल्या जातात, तेव्हा आपलीही हत्यारं टेबलावर येऊ देत. वर्षभरात एकदाही न भरलेली वेगळी काढा. त्यातली सरळ लिहिणारी, मध्यम किंवा बारीक निबची, हलकी पेनं आठवी-नववीच्या मुलांना द्या, पण धुऊन, निब बघून आणि सोबत निळ्या शाईची दौत देऊन. अडणारं पेन मुलाला दिलं तर ते पुन्हा शाईपेनाला हात लावणार नाही. धुतलेली पेनं एका ग्लासात तळाशी मऊ सुती कापड घालून निब खाली करून रात्रभर उभी ठेवा. सकाळी कापडावर निळी कड दिसली तर जिभेत अजून शाई आहे, पुन्हा धुवा. कापड पांढरं निघेपर्यंत पेन डब्यात ठेवू नका.