कागदाला भोक पाडायचं की नाही

जानेवारीत जुन्या घरमालकाचं पत्र आलं. तिसरी चावी कुठे आहे, एवढाच प्रश्न, पण दोन पानी. सोबत कुलूपवाल्याचं अंदाजपत्रक. इथे जर्मनीत बऱ्याच इमारतींत सगळ्या दारांची कुलपं एका साखळीत गुंफलेली असतात. तुमची चावी तुमचं दार उघडते, खालचं मुख्य दार उघडते, तळघर आणि सायकलींची खोलीही उघडते. त्यामुळे एक चावी हरवली की मालक म्हणतो, आता अख्ख्या इमारतीची कुलपं बदला. अंदाजपत्रकातला आकडा मी इथे लिहीत नाही, कारण आई हे वाचते.

आम्हाला चाव्या दोनच मिळाल्या होत्या आणि आम्ही दोनच परत केल्या. 2021 मध्ये घर ताब्यात घेताना तसा कागदही झाला होता: कुठल्या भिंतीवर ओरखडा आहे, मीटरचे आकडे काय, चाव्या किती. खाली दोघांच्या सह्या. त्यावर लिहिलेला दोनचा आकडा मला डोळ्यांसमोर दिसत होता. कागद काही दिसत नव्हता.

आमच्या घरातले कागद तेव्हा तीन पन्न्यांत होते. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: पन्नी म्हणजे कॅरीबॅग. इंदूरचं मराठी आहे, चालवून घ्या.) एक पन्नी महत्त्वाची, एक फार महत्त्वाची, आणि एक नंतर बघू. रात्री जेवणं झाल्यावर तिन्ही जमिनीवर ओतल्या. पासपोर्टची प्रत निघाली, मुलीच्या लसीकरणाचं पिवळं पुस्तक निघालं, इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधलं साडीचं बिल निघालं, तेही 2017 चं. ते मी इथपर्यंत का आणलं, हे नवऱ्यानं विचारलं नाही. शहाणा आहे.

आता खालच्या मजल्यावरच्या आजींबद्दल सांगायला हवं. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेच्या कार्यालयातून निवृत्त. मागे एकदा मी त्यांच्याकडे पार्सल घ्यायला गेले होते तेव्हा त्यांनी भिंतीवरचं कपाट दाखवलं होतं, जसं आपल्याकडे देवघर दाखवतात तसं. सत्तावीस ऑर्डनर. ऑर्डनर म्हणजे जाड पुठ्ठ्याची उभी फाइल: आत दोन कमानी, बाजूला दांडी, दांडी वर केली की कमानी उघडतात. पाठीवर बोट घालून ओढायला गोल भोक. आपल्याकडे सी.ए.च्या ऑफिसात दिसते तीच, पण इथे ती घराघरात. आणि आम्ही राहतो त्या श्टुटगार्टला तिचं माहेर आहे. लुई लाइट्सनं 1871 मध्ये इथेच कारखाना काढला आणि 1896 मध्ये ती दांडीवाली यंत्रणा बाजारात आणली. कागदाला भोकं पाडायच्या यंत्राचं पेटंट त्याआधी दहा वर्षं, 1886 मध्ये, बॉनच्या फ्रीडरिश झोनेकनचं. दोन भोकांत बरोबर 80 मिलिमीटर अंतर. कागद ए-फोर, तोही इथलाच, 1922 च्या जर्मन मानकातला. म्हणजे कागद, भोक आणि फाइल या तिघांची पत्रिका जुळवूनच यांनी लग्न लावलंय.

आजींची पद्धत अशी: पत्र पेटीतून काढलं की जिना चढायच्या आत उघडायचं. वरच्या कोपऱ्यात मिळाल्याची तारीख लिहायची, कारण इथे बऱ्याच मुदती तिथून मोजल्या जातात. भोकं पाडायची. लावायचं. नवीन कागद सगळ्यात वर. याला त्या 'व्यापारी पद्धत' म्हणतात. सरकारी खात्यांत उलट, जुना वर आणि नवा खाली, म्हणजे पुस्तकासारखं पहिल्यापासून वाचता येतं. घरी प्लंबर येऊन गेला तर त्याचं बिल दोन वर्षं ठेवायचं, कारण तसा कायदाच आहे. पगाराच्या पावत्या पेन्शन सुरू होईपर्यंत. आजींची पेन्शन सुरू होऊन बरीच वर्षं झाली, पावत्या अजून आहेत.

त्या दिवशी त्यांनी मला एक रिकामा ऑर्डनर दिला होता. घरी आणून मी तो मायक्रोवेव्हखाली ठेवला, कारण मायक्रोवेव्हचा एक पाय लंगडा होता.

खरं सांगायचं तर मला त्या कपाटाचा राग आला होता. कौतुकाआधी राग. इतकी व्यवस्था बघितली की आपण कुठल्या तरी गबाळ्या देशातून आलो आहोत असं वाटायला लागतं, आणि मग मी मनातल्या मनात वकिली सुरू करते. आम्ही काय कालपरवा लिहायला शिकलो? पेशवे दप्तरातले कागद रुमालात बांधलेले असायचे, रुमालावर चिठ्ठी, प्रत्येक गाठोड्याची ओळख. दप्तरदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस, ही आमची आडनावं आहेत आडनावं! माझे पणजोबा होळकर सरकारात कारकून होते, मोडीत लिहायचे. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये लाल कापडी वह्यांची दिवाळीत पूजा होते, पहिल्या पानावर 'श्री' आणि 'शुभ लाभ'. आजींच्या ऑर्डनरला कोणी हळदकुंकू वाहिलंय का?

स्वच्छतेचं तर बोलूच नका. इथे श्वाबेन प्रांतात केअरवोखे नावाचं प्रकरण आहे. जिना झाडायची आठवड्याची पाळी, दाराच्या मुठीवर पाटी टांगून जाहीर केलेली. श्टुटगार्टच्या 1492 च्या नगरकायद्यात दर आठवड्याला आपलं शेण-खत शहराबाहेर नेण्याचा हुकूम आहे, त्याचं हे पणतवंड म्हणतात. पहिल्यांदा पाटी टांगली गेली तेव्हा आजींनी मला झाडू कसा धरायचा ते दाखवलं. मला! मी 2017 पासून लागोपाठ देशात पहिल्या आलेल्या शहराची मुलगी आहे, हे मी त्यांना फोनवर फोटो काढून दाखवलं. सहा प्रकारचा कचरा वेगळा करतो म्हटलं. देवगुराड्याला ओल्या कचऱ्यापासून गॅस बनतो, रोजचा 550 टन कचरा घेणारा प्रकल्प आहे, त्यावर सिटी बस धावतात म्हटलं. त्या म्हणाल्या, छान. आणि कोपऱ्यात राहिलेल्या धुळीकडे बोट दाखवलं.

असो. रात्रीचे अडीच वाजले तरी कागद सापडेना. इंदूरला सात वाजले होते. फोन केला.

बाबा फिरून आले होते. मागे नगर निगमची कचरागाडी गाणं वाजवत चालली होती आणि त्या गाण्यानं मला रडूच आलं. बाबांना वाटलं काहीतरी भयंकर झालंय. मी सांगितलं. ते म्हणाले, "तू त्या घराचा फोटो पाठवला होतास की मला."

पाठवले होते. आत शिरलो त्या दिवशी सगळ्याचेच पाठवले होते, खिडकीचे, चुलीचे, त्या कागदाचेही. पण तो फोन केव्हाच तलावात पडला आणि जुनं व्हॉट्सॲप त्याच्याबरोबर गेलं. मी तसं म्हटल्यावर बाबा जरा दुखावल्यासारखे झाले. "फोनमधलं कोण ठेवतं? मी चौकातून फोटोकॉपी काढून आणली होती."

कागद तुमच्याकडे आहे? कुठे?

इथे बाबा थांबले. हाक मारली. आई स्वयंपाकघरातून न येता बोलली, पोह्यांना फोडणी पडली होती, आवाज येत होता: "दीवाणच्या पेटीत, हिरवी सूटकेस, लग्नाच्या अल्बमखाली. खाकी लिफाफा. पोह्यांवरचं जीरावन संपलंय, येताना आणा." चार मिनिटांत बाबांनी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. चाव्या: 2. दोन्ही सह्या. उलट्या बाजूला पेन्सिलनं बाबांचं अक्षर: लेकीचं जर्मनीचं घर, 2 चाव्या, स्वयंपाकघराची टाइल आधीच फुटलेली.

टाइलचं मालकानं अजून काढलं नव्हतं. काढलं असतं तरी चाललं असतं.

मी प्रत मालकाला पाठवली. ऑफिसातल्या एकानं सांगितलेली गोष्टही जोडली. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं 2014 मध्ये ठरवलं आहे की कुलपं प्रत्यक्षात बदलल्याशिवाय, नुसत्या अंदाजपत्रकावर, भाडेकरूकडून असे पैसे मागता येत नाहीत. तीन आठवड्यांनी एका ओळीचं पत्र आलं, विषय संपला म्हणून. माफी वगैरे नाही. जिन्यात आजींनी विचारलं, कागद कुठल्या फाइलमध्ये होता? मी म्हटलं, 'घरभाडं'. त्यांनी समाधानानं मान डोलावली. मायक्रोवेव्हचं आणि हिरव्या सूटकेसचं त्यांना काय सांगणार.

पुढचे दोन आठवडे मी ऑफिसात छाती काढून फिरले. तिथेही हेच राज्य आहे, फक्त पुठ्ठ्याऐवजी सर्व्हरवर. रजेवर जायचं तर आधी हस्तांतराची यादी, कुठलं काम कुठे थांबलंय, कोण पाहील, त्याच्या गैरहजेरीत कोण. मागच्या वर्षी माझा शेजारी सहकारी सहा आठवडे आजारी होता. त्याचं काम मी त्याला एकही फोन न करता चालवलं. फोल्डरचे क्रमांक सगळ्यांचे सारखे, शून्य-तीनमध्ये रेखाचित्रं म्हणजे शून्य-तीनमध्येच. आमच्या इंदूरच्या पहिल्या नोकरीत एक साहेब रजेवर गेले की त्यांच्या ड्रॉवरची किल्ली त्यांच्यासोबत मनालीला जायची.

पण फोल्डर नसलेली गोष्ट समोर आली की हीच मंडळी गोठतात. एकदा पुरवठादाराचा ट्रक चुकीच्या गेटवर आला. चुकीच्या गेटवर आलेल्या ट्रकसाठी कुठलाच फॉर्म नव्हता. चौघं उभं राहून विचार करत होते. मी खाली गेले, ड्रायव्हरशी बोलले, रखवालदाराला कॉफी दिली, ट्रक आत. आमच्याकडे ह्याला 'भिया, देख लेंगे' म्हणतात आणि त्याचीही सवय अंगात मुरावी लागते. मी हे बैठकीत म्हटलं नाही, इथे लिहितेय.

हे सगळं मी तुम्हाला मेच्या आधी लिहिलं असतं तर लेख इथेच आईच्या जयजयकारात संपवला असता. मेमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात मेडिक्लेमचे कागद मागितले आणि बाबांना ते सापडेनात. दीवाणची पेटी, अलमारी, वरचा माळा, सगळं उपसलं. मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी सापडला, 1998 ची वीजबिलं सापडली. शेवटी डोळ्याला पट्टी बांधलेल्या आईनं बिछान्यातून रस्ता सांगितला, "तिसरा खण. नाही, त्याच्या खाली हात घाला. मऊ लागेल ती शाल. तिच्या घडीत." बाबांनी हात घातला, कागद निघाला. फोनवर दोघं हसत होते. मीही हसले, पण फोन ठेवल्यावर मायक्रोवेव्हखालचा ऑर्डनर काढला, त्याच्या जागी नवऱ्याचं कुकबुक लावलं, आणि रात्रभर भोकं पाडत बसले.

दिवाळीत इंदूरला, राजेंद्रनगरच्या घरी गेले तेव्हा बॅगेत दोन ऑर्डनर, खणांचे रंगीत पुठ्ठे आणि पंच मशीन नेलं. येताना चितळ्यांच्या डब्यांना लागते तेवढी जागा त्यांनी जाताना खाल्ली. पहिल्याच दिवशी अडलं. घराची रजिस्ट्री लांब कागदावर, फाइलच्या बाहेर खाली वीतभर लोंबत राहिली. दुसरं म्हणजे मी मशीन पुढे केलं तसे बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी कात्री घेऊन सातबाऱ्याच्या मागे लागलेय. "अगं, मूळ कागदाला भोक पाडतात होय?" पणजोबांपासूनची शिकवण. शिक्का फाटला तर? आकड्यावरच भोक पडलं तर? मी त्यांना समजावलं की जर्मनीत पाडतात, करारालासुद्धा. ते म्हणाले, "पाडत असतील." त्या स्वरावर वाद चालत नाही.

मग प्लॅस्टिकचे पारदर्शक खिसे आणले, सियागंजातून, शंभरचं पाकीट. आई सांगत गेली, बाबा खिशात घालत गेले, मी पाठीवर नावं लिहीत गेले. पहिला ऑर्डनर भरला: घर, आरोग्य, बँक. आईला तो आवडला नाही हे स्पष्ट दिसत होतं. तिला जागा माहीत असताना पाटी कशाला, असं काहीसं. तरी ती रोज एकेक लिफाफा आणून देत होती.

दुसऱ्या ऑर्डनरच्या पाठीवर बाबांनी स्वतः लिहिलं, 'लेक, जर्मनी'. त्यात सध्या एकच कागद आहे. खिशात घातलेला, भोक न पाडलेला. चाव्या 2.