गटात लवकर मरतो तो

मंगळवार, रात्री

जेवणं झाली, ओटा आवरला, उद्याची डाळ भिजत घातली, तरी डोक्यातून जात नाही. गोष्ट एवढीशी. चौथीतली पोरं दिवसभर काहीबाही बोलतच असतात, आपण कुठवर मनाला लावून घेणार. पण ही बोलली. खिडकीजवळची. जी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते.

"बाई, आज गट नको. तुम्हीच सांगा ना."

का गं, म्हटलं.

"गटात शिवा काशीद लई लवकर मरतो."

सगळी हसली. मीही हसले आणि तास पुढे रेटला. संध्याकाळी एसटीत खिडकीला डोकं टेकलं तेव्हा कुठे ते बोचायला लागलं.

रविवारची अख्खी दुपार मी त्या पाठाची कार्डं कापत बसले होते. ह्यांचं म्हणणं, पगार सोमवार ते शनिवारचाच आहे ना. असो, तो विषय नको. पन्हाळ्याच्या वेढ्याचे चार तुकडे केले: सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, घोडखिंड, विशाळगड. चौथीत सोळा मुलं, म्हणजे चार गट, आणि प्रत्येक गटात एकेकाकडे एकेक तुकडा. आधी एकच तुकडा मिळालेली चौघं एकत्र बसतात, वाचतात, काय सांगायचं ते ठरवतात. मग आपापल्या गटात परत येऊन बाकीच्या तिघांना शिकवतात. गटप्रमुख वेगळा, लिहिणारा वेगळा, वेळ बघणारा वेगळा, आणि दर आठवड्याला अदलाबदल. हे बसवायला जून-जुलै गेले. सुरुवातीला कोण कुणाशेजारी बसणार यावरूनच रडारड. त्यात त्याच खोलीत पलीकडे तिसरी बसलेली. तिला स्वाध्याय देऊन इकडे वळावं, तर तिकडे कुणाचा तरी खोडरबर हरवलेला असतो. आता दोन टाळ्या वाजवल्या की खोली गप्प होते. पाठ थोपटून घ्यायला कुणी नाही म्हणून इथे लिहून ठेवते: पट्टी नाही, आरडाओरडा नाही, दोन टाळ्यांत सोळा अधिक तिसरीची सगळी गप्प होतात.

आणि एवढं करून, तुम्हीच सांगा ना.

आधी वाटलं, कंटाळा आला असेल. मनाशी सांगून पाहिलं, पटलं नाही. कामाला ती कधी मागे हटत नाही. मग वाटलं, गटप्रमुख दादागिरी करतो, त्याची ही चहाडी असावी. तो करतोही थोडी, पण चहाडी करणारी ही पोर नव्हे.

मग आठवलं. सोमवारी शिवा काशीदचं कार्ड तिलाच आलं होतं. मी तेव्हा त्या गटाच्या मागेच उभी होते. तिने वाचून काढलं, मान वर केली आणि सांगितलं, "तो राजांसारखा दिसायचा. तो पालखीत बसला. पकडला आणि मारला." गटप्रमुख म्हणाला, "झालं? पुढचा." वेळ बघणाऱ्याने बोट वर केलं आणि सगळे घोडखिंडीत पोचले. बाजीप्रभूंचं कार्ड ज्याच्याकडे होतं तो तर केव्हाचा उभाच राहिला होता, दोन्ही हातात दोन पट्ट्या घेऊन.

ही कार्डांची पद्धत मुळात अमेरिकेतली. 1971 साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली, शाळांतून मारामाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी ती बसवली. एखाद्याचं चरित्र घ्यायचं, त्याचे परिच्छेद सुटे करायचे आणि एकेका मुलाला एकेक द्यायचा. जो अडखळत बोलतो त्याला बाकीची आधी हसतात. मग त्यांच्या लक्षात येतं की त्याच्याकडचा परिच्छेद दुसऱ्या कुणाकडे नाही आणि पुढे परीक्षा आहे. मग झक मारत त्याला नीट प्रश्न विचारायला लागतात, आणि विचारता विचारता त्याचं ऐकायला. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला माझ्या वर्गातली दोन-तीन तोंडं दिसली होती, म्हणून तर एवढ्या हौसेने मागे लागले.

पण तिथे सगळा जोर, दुसऱ्याकडे जे आहे ते मला माहीत नाही, यावर आहे. इथे पन्हाळ्याचा वेढा कुणाला माहीत नाही? आजीने सांगितलेला, गणपतीत पोवाड्यात ऐकलेला, मोठ्या भावाच्या पुस्तकात चित्रासकट पाहिलेला. त्या पोरीकडून कुणाला काहीच नको होतं. तिने दोन वाक्यांत सांगितलं काय किंवा दहा वाक्यांत, सगळ्यांना घोडखिंडीत जायची घाई. शिवा काशीद वाटेत लागतो, एवढंच.

पाणी कुठून येतं, जिल्ह्यात कुठे काय पिकतं, तिथे हीच कार्डं झकास चालतात. मेंढरं राखणारा आमचा तो, वाचताना घाम फुटतो त्याला, पण लोकर कशी कातरतात ते सांगायला बसला तर तिसरीची पोरंसुद्धा तोंड वळवून ऐकत होती. ते मी सोडणार नाही, कुणी काही म्हणो.

मग बोचतंय काय? तेच तर कळत नाहीये. बाईंनी कमी बोलायचं, मुलांनी जास्त, हे आता हाडात मुरलंय. 2015 च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा जीआर आला, त्या सुमारास जो तो साताऱ्याच्या कुमठे बीटच्या, म्हणजे त्या भागातल्या, शाळा बघायला चालला होता. फरशीवर आखलेलं, मुलं आपापली शिकताहेत, शिक्षक कडेला. मीही तो कडेला असण्याचा सराव केला, आणि मला तो आवडतो. तरी पूर्वी मी गोष्ट सांगायला लागले की पहिली-दुसरीची पोरं दारात येऊन उभी राहायची आणि गुरुजी कपाळाला हात लावायचे, ते अधूनमधून आठवतं. तुम्हीच सांगा ना, हे ऐकून माझ्या मेहनतीवर पाणी पडलं म्हणून वाईट वाटलं, की मागणी आली म्हणून आतून बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली? दोन्ही असेल. निम्मं निम्मं. आईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, पोरीला गोष्ट हवी तर सांग की, त्यात काय एवढं. आई असती तर.

आणि खरं सांगू, तिचं म्हणणं रास्त आहे. गटात तो लवकर मरतोच. आषाढातली रात्र, गडाखाली चौकीला चौकी, पाऊस कोसळतोय. एक पालखी आडवाटेने विशाळगडाकडे, दुसरी उघड वाटेने, आणि दुसरीत हा बसलेला, नेबापूरचा, जातीने न्हावी, राजांचे कपडे घालून. पकडले जाणार हे त्याला माहीत आहे. किंबहुना पकडलं जाणं हेच त्याचं काम. जितका वेळ तो ओळखला जाणार नाही तितके राजे पुढे. म्हणजे त्याने वेळच तर काढायचा होता! आणि आमच्या गटात त्याच्या वाट्याला दोन मिनिटं, वर वेळ बघणाऱ्याचं बोट. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं आणि एकटीच हसतेय.

तर उद्या शिवा काशीद मी सांगणार. खाली बसून, कार्डं पिशवीत ठेवून. पालखीत बसायच्या आधी त्याने आरशात पाहिलं असेल का, हे त्यांनाच विचारणार, आणि खिडकीजवळचा हात वर आला तर आधी तिला. तिसरीचा भागाकार उद्या बुडणार, तो परवा दुपारी भरून काढीन. केंद्रप्रमुख सर गुरुवारी यायचेत, त्यांना गटकार्याचे फोटो हवेत. गुरुवारी गणितात गटच आहेत, हवे तेवढे काढा म्हणावं.