पंचहौदाचा चहा

आज पुण्यातल्या पंचहौद मिशनचं चर्च आतून बघून आले. होली नेम कॅथेड्रल, १८८५ चं. गुरुवार पेठेतल्या ट्रॅफिकमधून स्कूटर काढताना आधी दिसतो तो उंच मनोरा. चर्चला चिकटून नाही, इटलीतल्यासारखा वेगळा उभा. त्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा.

आत एक मावशी फरशी पुसत होत्या. चपला काढू का विचारलं, तर म्हणाल्या, "नको हो ताई, फक्त ओल्यावर पाय देऊ नका."

पण माझं निम्मं लक्ष १८९० च्या त्या चहात! इथल्या मिशनमध्ये कार्यक्रमाला टिळक, रानडे अशी बडी मंडळी जमली, चहा-बिस्किटं पुढे आली. मग गोपाळराव जोशींनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान, तेच ते) नावं पेपरात छापून आणली. झालं! ख्रिस्त्यांच्या हातचं खाल्ल्या-प्यायल्यानं धर्म बुडतो, असं तेव्हा मानायचे. मग ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) काय, शंकराचार्यांपर्यंत तक्रार काय, प्रायश्चित्तं काय. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं तर सुधारकच त्यांच्यावर चिडले. इकडे आड तिकडे विहीर. मला विचाराल तर गोपाळराव महाआगाऊ.

आता एखाद्या रविवारी मराठी उपासनेला जायचंय, घंटा ऐकायला. कोण येतंय?