जामीन कोण?

२० जुलै २०२३, गुरुवार

नाईट उतरून घरी आले तर मेल येऊन पडला होता. ब्रिटनमधल्या नर्सच्या नोकरीचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप. गेले आठ दिवस सगळी सांगली-मिरज आयर्विन पुलाचं पाणी किती फुटांवर आलं ते दर तासाला बघतीय आणि मी इनबॉक्स बघतीय. शेवटी आज आलं.

अण्णांना उठवून सांगितलं. त्यांनी चष्मा शोधला, मोबाईल हातात घेतला आणि पहिला प्रश्न टाकला, "सर्टिफिकेट कुठाय?"

तिथंच पंचाईत. नाव सर्टिफिकेट, पण कागद नसतो. ब्रिटनच्या होम ऑफिसकडं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या खात्याकडं, तिथल्या हॉस्पिटलनं माझी एक ऑनलाईन नोंद केलीय, तिचा नंबर. तो व्हिसाच्या फॉर्मात टाकायचा, तोही तीन महिन्यांच्या आत. नंबरासोबत हॉस्पिटलनं तपशील पाठवलाय: कामाचा कोड २२३१, म्हणजे नर्स. आठवड्याला साडेसदतीस तास. कामावर हजर व्हायची तारीख २ ऑक्टोबर.

अण्णांनी वरखाली करून पाहिलं. शिक्का नाही, सही नाही. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला पंच न मारलेलं तिकीट दाखवावं तसं झालं.

आई म्हणाली, परवाच अधिक महिना लागलाय, अधिकात नवं काही धरू नये. मी म्हटलं होम ऑफिसला अधिक महिना नसतो. ती काही बोलली नाही, पण फॉर्म निज श्रावणात भरला तर चालेल का असं संध्याकाळी दोनदा विचारून झालं.

२३ जुलै, रविवार

आज सुट्टी. अण्णांचा प्रश्न चार दिवस मुरत होता, तो आज जेवताना आला.

"स्पॉन्सर म्हणजे जामीनच की."

मी आधी नाही म्हटलं. मग ते तपशिलाचं पान परत उघडलं आणि गप्प बसले. त्यात मेंटेनन्स म्हणून एक ओळ आहे. व्हिसा मागणाऱ्यानं खात्यावर १,२७० पौंड अठ्ठावीस दिवस पडून आहेत असं दाखवायचं असतं, म्हणजे तिकडं गेल्या गेल्या हात पसरायची वेळ येऊ नये. हॉस्पिटलनं तिथं 'हो' केलंय. पहिल्या महिन्यात गरज पडली तर तेवढ्यापर्यंतचं आम्ही बघू. याला मराठीत दुसरं काय म्हणणार?

आमच्या घरात जामीन हा शब्द शिवीसारखा आहे. मी तिसरीत असताना अण्णा डेपोतल्या एका जोडीदाराला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिले. जोडीदार हप्ते भरायचा थांबला. मग चार वर्षं अण्णांच्या पगारातून कापून गेले. त्या चार वर्षांत आमच्याकडं दिवाळीला फराळ झाला, कपडे झाले नाहीत. नंतर अण्णांनी सख्ख्या मेव्हण्याच्या कागदावरही सही केली नाही, आणि मामा त्यावरून दोन वर्षं बोलत नव्हता.

म्हणून त्यांचा प्रश्न साधा होता. "ओळख ना पाळख. ते लोक तुला जामीन कशापायी राहत्यात?"

नर्सेस कमी आहेत म्हणून, मी म्हटलं. मग पुढचं सांगावं लागलं. तिथल्या नर्सनी गेल्या डिसेंबरात पगारासाठी संप केला, त्यांच्या युनियनचा शंभरावर वर्षांतला पहिला देशव्यापी संप. हे ऐकून अण्णा पहिल्यांदा खूश दिसले. एकवीस-बावीसच्या एसटी संपात ते रिटायर झालेले असूनही रोज डेपोच्या गेटवर जाऊन बसायचे.

"मग बरंय. माणसं जिवंत हाईत तिकडची."

त्या संपानंतर पगार वाढला आणि आता बँड ५ ची, म्हणजे नोंदणी झालेल्या नर्सच्या पगारश्रेणीची, सुरुवात वर्षाला २८,४०७ पौंड आहे. आईनं लगेच रुपये विचारले. तीस लाखाच्या आतबाहेर. ती क्षणभर थांबली. मी घाईघाईनं घरभाडं, टॅक्स, पेन्शन सांगितलं आणि हेही की परीक्षा पास होऊन तिथली नोंदणी मिळेपर्यंत बँड ५ नाही, खालच्या बँडचा पगार. इथं आयसीयूत पाच वर्षं काढून मला एकोणीस हजार मिळतात, त्यामुळं यातलं तिला काहीच ऐकू गेलं नसावं.

पण अण्णांना ऐकू गेलं. "परीक्षा नापास झालीस तर?"

ओएससीई म्हणतात तिला. दहा टेबलं. खोटा पेशंट, खरा परीक्षक. आठ महिन्यांत नोंदणी मिळाली पाहिजे, नाही मिळाली तर स्पॉन्सरशिप थांबते. न कळवता सलग दहा दिवस कामावर गेले नाही तरी हॉस्पिटलला वर कळवावं लागतं. आणि नोकरी कुठल्याही कारणानं गेली की साधारण साठ दिवस. तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर बघायचा, नाहीतर परत.

अण्णांनी ताटातली भाकरी मोडली आणि म्हणाले, "मग हा जामीन उलटाच हाय की. सही त्यांची, आणि गहाण तू."

१ ऑगस्ट, मंगळवार

महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई. टीबीची टेस्ट. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर भारतातून जाणाऱ्याला ती लागतेच, आणि त्यांनी मंजूर केलेल्या क्लिनिकमधूनच.

मी वानलेसवाडीत वाढले. आमच्या लहानपणी रिक्षावाल्याला वानलेसवाडी म्हटलं की तो हमखास म्हणायचा, "टीबीच्या दवाखान्याकडं का?" आता मीच गाऊन घालून एक्स-रेच्या पाटीला छाती लावून उभी. आतला टेक्निशियन म्हणाला, "श्वास घ्या, धरा, हलू नका." हेच वाक्य मी रोज किती पेशंटना म्हणते. श्वास धरून उभं राहिल्यावर कळलं की "सोडा" म्हणायला माणूस फार वेळ लावतो.

परतीच्या गाडीत शेजारी कोल्हापूरची एक मुलगी होती. तीही तिकडंच निघालीय, पण केअर वर्कर म्हणून, एजंटामार्फत. किती दिले विचारलं तर तिनं बोटं दाखवली, लाखाची. मला तिथं काय बोलावं सुचेना. जी हॉस्पिटलं आणि एजन्सी नियमानं चालतात त्यांनी उमेदवाराकडून भरतीचे पैसे घ्यायचेच नसतात. माझ्या बॅचची एक मैत्रीण अशीच पैसे भरून गेली. तिथं कामाचे तास दिलेच नाहीत, आणि पुढं त्या कंपनीचं स्पॉन्सर व्हायचं लायसन्सच गेलं. मग तिचे साठ दिवस सुरू झाले. ती सध्या कुठं आहे ते ग्रुपवर कुणी विचारत नाही. मी त्या मुलीला एवढंच सांगितलं की कंपनीचं नाव सरकारच्या लायसन्सवाल्या यादीत आहे का ते स्वतः बघ, यादी नेटवर उघडी असते. तिनं मान हलवली. बघेल की नाही माहीत नाही.

४ ऑगस्ट, शुक्रवार

फॉर्म भरला. अधिक महिन्यातच. हेल्थ अँड केअर व्हिसा असल्यामुळं फी २४७ पौंड, म्हणजे सव्वीस हजाराच्या आसपास, आणि वर्षाला ६२४ पौंडांचा आरोग्य सरचार्ज माफ. पोलीस क्लिअरन्सही आलंय.

फाईल लावताना सगळे कागद जमिनीवर पसरले. पहिल्या नोकरीत एका हॉस्पिटलनं माझ्या ओरिजिनल मार्कशीट वर्षाच्या बाँडपायी कपाटात ठेवून घेतल्या होत्या. वर्ष संपल्यावर त्या परत मिळवायला चार महिने फेऱ्या मारल्या. शेवटी अण्णा खाकी शर्ट घालून तिथं जाऊन बसले, तेव्हा संध्याकाळी पाचला मिळाल्या. बारावीच्या मार्कशीटच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी चहाचा कप ठेवल्याचा गोल अजून आहे. म्हणजे गहाण पडायची सवय मला सातासमुद्रापार जायच्या आधीपासूनची.

ओईटीचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, निकालही त्याच ढिगात. पहिल्या खेपेला रायटिंगमध्ये गेले होते. बोलण्याच्या परीक्षेत मात्र बी ग्रेड आला, त्याचं मला अजून नवल वाटतं. समोरचा माणूस घाबरलेल्या पेशंटचं सोंग घेतो आणि आपण पाच मिनिटं इंग्रजीत धीर द्यायचा. क्लासमध्ये वाक्यं पाठ करून घेतली होती, तुमची चिंता मी समजू शकते वगैरे. वॉर्डात मी काय म्हणते? "मावशी, मी हाय न्हवं हितं." याचं इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही आणि मला करताही आलं नाही. बी कसा आला देव जाणे.

१० ऑगस्ट, गुरुवार

काल परत मुंबई, व्हिसा केंद्रावर. दहा बोटांचे ठसे. मशीन माझे ठसे घेईना. डावा अंगठा, परत. उजवी तर्जनी, परत. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही नर्स का?" दिवसाला पन्नास वेळा हात धुवायचे, वर सॅनिटायझर, कोविडची दोन वर्षं तर विचारूच नका, बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. तिनं ओला टिश्यू दिला, दाबून धरायला सांगितलं. सहाव्या वेळेला आले.

पासपोर्ट तिथंच ठेवून घेतला. आणखी एक वस्तू दुसऱ्याच्या कपाटात.

३० ऑगस्ट, बुधवार

राखी पौर्णिमा. कुरिअरवाला आला तेव्हा आई नारळीभात हलवत होती, म्हणून दार अण्णांनी उघडलं आणि सहीही त्यांनीच केली. मी ड्युटीवरून आले तर पाकीट देवापुढं ठेवलेलं, न फोडता.

पासपोर्टात व्हिसाचा नव्वद दिवसांचा स्टिकर आहे. खरं कार्ड तिथं उतरल्यावर दहा दिवसांत जाऊन घ्यायचं. अण्णांनी शिक्का असलेला कागद शेवटी पाहिला. बोट फिरवून पाहिलं.

मग त्यांनी कपाटातून डेपोची जुनी खिशातली डायरी काढली. मला वाटलं होतं ती कधीच रद्दीत गेली. त्यात पतसंस्थेचे हप्ते लिहिलेले आहेत, महिन्याला एक ओळ, चार वर्षांच्या अठ्ठेचाळीस ओळी, शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. पुढचं पान कोरं होतं.

"तो नंबर सांग."

मी सांगितला, एकेक अक्षर. त्यांनी लिहिला. खाली लिहिलं, साठ दिवस.

"तिकडनं यायचं तिकीट कितीला पडतं?"

"चाळीस-पन्नास हजार. ऐनवेळी काढलं तर जास्त."

"सत्तर धरू," म्हणाले आणि लिहिलं. "सोमवारी पोस्टात टाकतो. तुझ्या नावानं न्हाय, माझ्या. त्याला कुणी हात लावायचा न्हाय, तुझ्या आईनंबी."

आई आतून विचारतीय की मेतकूट हातातल्या बॅगेत घ्यायचं की खालच्या.