रुग्णाच्या घरून रुग्णालयाच्या संगणकापर्यंत : माझा अनुभव

मी वडोदऱ्यातील एका खासगी रुग्णालयाच्या घरभेट विभागात परिचारिका आहे. सकाळी दांडिया बाजारातील घरून दुचाकीवर निघायचे आणि रावपुरा, मांडवी, फतेहगंज, मांजलपूर असे करत दिवसाला सहा-सात घरे करायची, हा माझा नित्यक्रम आहे. जखमेचे ड्रेसिंग, कॅथेटर बदलणे, रक्तदाब आणि शुगर पाहणे ही कामे त्या घरांतच होतात. नोंदी मात्र पूर्वी वहीत करून संध्याकाळी रुग्णालयाच्या संगणकावर पुन्हा लिहाव्या लागत. डॉक्टरांना एखादी जखम दाखवायची असेल, तर माझ्याच मोबाइलवर फोटो काढून तो व्हॉट्सॲपने पाठवायचा, अशी आमची पद्धत होती.

ही पद्धत किती चुकीची आहे, हे मला एका रविवारी कळले. माझी भाची मोबाइलवर बारशाचे फोटो पाहत होती. पाहता पाहता ती थांबली आणि तिने विचारले, "मावशी, हे कोण गं?" पडद्यावर एका आजींच्या पाठीवरील, अंथरुणाला खिळून राहिल्यामुळे झालेल्या जखमेचा फोटो होता. त्या आजींनी ड्रेसिंगपुरती माझ्यासमोर पाठ उघडी केली होती, तीही संकोचतच. मी फोटो लगेच पुसला, परंतु तो डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये आणि कदाचित आणखी कुठे शिल्लक असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यामुळे रुग्णालयाने घरभेटीच्या कर्मचाऱ्यांना व्हर्च्युअल डेस्कटॉप द्यायचे ठरवले, तेव्हा मी पहिल्याच तुकडीत नाव दिले. ही सोय नेमकी काय आहे, ते सांगते, कारण माझ्या कित्येक सहकाऱ्यांना ते आणखी एक ॲप वाटले होते. आमच्या रुग्णालयातील नोंदींची प्रणाली विंडोजवरच चालते. व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये ती विंडोज रुग्णालयाच्या सर्व्हरवरच सुरू असते आणि माझ्या टॅबवर तिच्या पडद्याचे केवळ चित्र येते. माझ्या बोटाचा स्पर्श आणि टंकलेली अक्षरे तिकडे जातात, रुग्णाची फाइल मात्र जागची हलत नाही. टॅब रिक्षात विसरला, तरी त्यात आजींचे नावसुद्धा सापडणार नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली.

अर्ज, विभागप्रमुखांची सही आणि गोपनीयतेचे हमीपत्र यांत आठवडा गेला. प्रशिक्षणाच्या दिवशी आम्हाला 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची ओळख करून देण्यात आली. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाल्यावर तेथील नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले होते, त्याचेही उदाहरण देण्यात आले. बाहेरून आत येण्याच्या वाटेवर एवढे पहारे का, हे मला तेव्हा पटले.

पुढची पायरी उपकरणाच्या नोंदणीची होती. स्वतःचा मोबाइल नोंदवण्याची मुभा होती, परंतु मी नकार दिला आणि रुग्णालयाचा टॅब मागून घेतला. नोंदवलेले उपकरण हरवल्यास आयटी विभाग ते दुरून कुलूपबंद करू शकतो, आणि आमच्याकडच्या व्यवस्थेत त्यातील सर्व काही पुसूनही टाकू शकतो. त्या अधिकाराविषयी माझी तक्रार नाही, तो असायलाच हवा. मात्र माझे घरचे फोटो आणि रुग्णालयाचे काम एकाच उपकरणात असू नये, हा धडा मी भाचीच्या प्रश्नातून घेतला होता. ज्यांना निवड करता येते, त्यांनी वेगळे उपकरण मागावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी परीक्षा झाली ती प्रवेशाच्या संकेताची. पासवर्डनंतर दुसरा पुरावा म्हणून सहा आकडी संकेत द्यावा लागतो. तो एसएमएसने येत नाही. टॅबमधील एक ॲप तो दर 30 सेकंदांनी नव्याने तयार करते. रावपुऱ्यातील जुन्या वाड्यांच्या तळमजल्यावर एसएमएस यायला पाच-पाच मिनिटे लागतात, त्यामुळे ही पद्धत मला आवडली होती. पहिल्या दिवशी मी पासवर्ड दिला, ॲपमधला संकेत पाहिला, एकेक आकडा नीट टंकला आणि उत्तर आले की संकेत चुकीचा आहे. मी नवा संकेत येण्याची वाट पाहिली आणि तो आल्याबरोबर टंकला, तरीही तेच उत्तर आले. पाचव्या प्रयत्नानंतर खाते अर्ध्या तासासाठी बंद झाले. समोर रुग्ण पलंगावर, त्यांची सून पाण्याचा पेला हातात घेऊन उभी, आणि मी टॅबकडे पाहत बसलेली. शेवटी वही काढली आणि नोंद तिच्यातच केली.

सलग तीन दिवस हेच घडले. मदतकक्षाने पासवर्ड दोनदा बदलून दिला आणि ॲपही पुन्हा जोडून दिले, परंतु फरक पडला नाही. चौथ्या दिवशी आयटी विभागातील एका तरुण अभियंत्याने टॅब हातात घेतला आणि इतर काहीही न उघडता तो म्हणाला, "बेन, पहेलां टॅबनो टाइम जुओ." टॅबचे घड्याळ चार मिनिटे मागे होते. आधी तो टॅब ज्यांच्याकडे होता, त्यांनी आपोआप वेळ जुळवण्याची सोय बंद केलेली होती. त्याने मला समजावले की जोडणीच्या वेळी क्यूआर कोडमधून एक गुप्त किल्ली ॲपमध्ये साठवली जाते, आणि ती किल्ली व चालू वेळ या दोहोंपासून संकेत तयार होतो. सर्व्हरही तेच गणित स्वतःकडे करतो आणि उत्तर जुळते का, ते पाहतो. म्हणूनच त्याला नेटवर्क लागत नाही, आणि म्हणूनच घड्याळ चुकले की सगळेच चुकते. थोडासा फरक सर्व्हर चालवून घेतो, चार मिनिटांचा नाही. सेटिंगमधील ती एक खूण केल्यावर संकेत पहिल्याच प्रयत्नात स्वीकारला गेला. ही तपासणी मदतकक्षाच्या पहिल्या प्रश्नांत असायला हवी होती, असे मी लेखी कळवले आणि आता ती तशी विचारली जाते.

बाकीच्या अडचणी सवयीने सुटल्या. विंडोजची बारीक बटणे माउससाठी केलेली असल्याने बोटाने चुकतात, म्हणून मी टॅबचे पेन वापरू लागले. मजकूर कॉपी करून बाहेर नेणे, फाइल उतरवून घेणे, स्क्रीनशॉट काढणे हे सर्व बंद आहे. दहा मिनिटे हात लावला नाही, तर पडदा कुलूपबंद होतो, आणि ड्रेसिंगला तर वीस मिनिटे लागतात. त्यामुळे आता मी आधी ड्रेसिंग पूर्ण करते, हात धुते आणि मगच प्रवेश करते.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. मांडवीजवळच्या एका घरी मी जखमेची लांबी, रुंदी, स्राव आणि कडांचा रंग असे सविस्तर लिहीत असताना नेटवर्क गेले आणि पडदा पांढरा झाला. एवढे लिहिलेले वाया गेले, असे समजून मी बाहेरच्या ओट्यावर आले. तिथे नेटवर्क मिळाल्यावर पुन्हा प्रवेश केला, तर अर्धे वाक्य जसेच्या तसे होते आणि कर्सर 'स्राव' या शब्दापुढे लुकलुकत होता. तुटला होता तो केवळ माझा संपर्क, सर्व्हरवरील काम तसेच चालू होते. तेव्हापासून काम संपल्यावर खिडकी नुसती बंद न करता मी आठवणीने लॉग आउट करते, कारण नुसती खिडकी बंद केली, तर सर्व्हरवरचे काम मागे उघडेच राहते.

जखमेचा फोटो आता टॅबच्या कॅमेऱ्याने त्या डेस्कटॉपच्या आतूनच काढला जातो आणि थेट रुग्णाच्या फाइलमध्ये जातो, टॅबच्या गॅलरीत तो येत नाही. मी हे त्या आजींना टॅबची रिकामी गॅलरी उघडून दाखवले. चष्मा लावून त्यांनी ती नीट पाहिली आणि म्हणाल्या, "बरं झालं गं सिस्टर, मला तेवढीच काळजी होती." त्यांना काळजी होती, हे मला इतक्या महिन्यांत त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते.

पादऱ्याच्या बाजूच्या काही गावांत नेटवर्क अजूनही पुरेसे मिळत नाही. तिथे मी कागदावर लिहिते, त्यावर नावाऐवजी केवळ फाइलचा क्रमांक घालते, संध्याकाळी नोंद पूर्ण करते आणि तो कागद विभागातील यंत्रात माझ्या देखत बारीक कापून घेते.