पुश-बटण स्टार्टचा स्विच बदलताना

माझ्या गाडीचे स्टार्ट बटण लहरी झाले होते. ब्रेक दाबल्यावर बटणावरचा हिरवा दिवा नेहमीप्रमाणे लागे, पण बटण दाबले तरी कधी काहीच घडत नसे आणि कधी कडेला जोर दिल्यावर इंजिन निमूटपणे सुरू होई. हिरवा दिवा लागतो त्याअर्थी गाडीने रिमोट-चावी ओळखली आहे आणि ब्रेकचा स्विचही ठीक आहे, त्यामुळे संशय बटणावरच आला. तरीही आधी बॅटरी तपासली; गाडी बंद असताना ती 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे तिचा दोष नव्हता.

स्टार्टर मोटर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढते, पण तो या बटणातून कधीच जात नाही. बटण केवळ एक क्षीण संकेत नियंत्रकाकडे, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाकडे पाठवते, आणि चावी, ब्रेक व गिअर यांची खातरजमा करून नियंत्रक रिलेमार्फत (क्षीण संकेतावर मोठा प्रवाह जोडणाऱ्या विद्युत स्विचमार्फत) मोटर फिरवतो. म्हणूनच आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला स्विच बसवायला मी कचरलो नाही. मात्र लाल, चकचकीत बटणांच्या जाहिरातींत ज्याची चर्चा कधीच नसते, ते सगळे बटणाच्या मागच्या बाजूला असते.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटे थांबलो, कारण त्याच भागातून एअरबॅगची वायरिंगही जाते. प्लॅस्टिकच्या पट्टीने भोवतालची चौकट उचकटली, कनेक्टरची खीळ दाबून तो सोडवला आणि जुना स्विच मल्टिमीटरवर तपासला. आत संपर्कांच्या दोन स्वतंत्र जोड्या होत्या. एक जोडी दर वेळी जुळत होती, दुसरी मात्र बटण कडेला दाबल्यावरच जुळे. या गाडीचा नियंत्रक दोन्ही संकेतांचा मेळ पाहतो, त्यामुळे लहरीपणाचे कोडे तिथेच सुटले.

जुन्या स्विचच्या पाठीवरच्या क्रमांकावरून पर्याय शोधताना एक स्वस्त स्विच समोर आला, पण त्याच्या कनेक्टरात दोन पिनाच नव्हत्या. त्या बटणाभोवतीच्या अँटेना-वेटोळ्याच्या. रिमोटचा सेल संपल्यावर चावी बटणाला टेकवून गाडी सुरू करता येते, ती या वेटोळ्यामुळेच. तो स्विच रोज बिनतक्रार चालला असता आणि नेमक्या अडचणीच्या वेळी दगा दिला असता. असली बचत मला पटत नाही. दुसरा घेतला, बसवण्यापूर्वी त्याच्या दोन्ही जोड्या तपासल्या आणि वेटोळ्याचा रोध जुन्याशी ताडून पाहिला. वायरींच्या रंगांवर विसंबलो नाही, पिनांचा क्रम जुळवला.

चौकट परत दाबून बसवण्याआधी बॅटरी जोडून सर्व स्थिती पाहिल्या. इग्निशनला पिवळा दिवा, ब्रेकवर हिरवा, मग पहिल्याच दाबाला इंजिन. त्यानंतर रिमोटमधला सेल काढून चावी बटणाला टेकवली, तेव्हाही इंजिन सुरू झाले. चावीची नव्याने नोंदणी करावी लागली नाही, कारण तिचा संकेतांक बटणात नसून नियंत्रकात साठवलेला असतो. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ आणि काचेची आपोआप वर जाण्याची सोय मात्र पुन्हा लावून घ्यावी लागली. नव्या बटणाचा उजेड डॅशबोर्डवरच्या इतर बटणांपेक्षा किंचित पांढरा आहे. केवळ त्यासाठी तो बदलण्याचा माझा विचार नाही.