उन्हाळ्यातल्या चान्या

चान्या म्हणजे मीठ-हळद लावून उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. त्या करायच्या तर मांसावरची चरबी आधी पूर्ण काढायची. ती वाळत नाही, खवट होते. २०१५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैल कापणं बंद झालं, त्यामुळे आमच्या मराठवाड्यात आता म्हशीचंच मटण. आई ते धाग्याच्या दिशेनं कापते, एकाच तुकड्याची उलगडत जाणारी लांब पट्टी, करंगळीहून बारीक. मीठ-हळद चोळून दोरीवर टांगायची, म्हणजे वारा सगळीकडून लागतो. कावळे हाकलायला कुणीतरी बसायलाच हवं. मे महिन्याच्या उन्हात पट्टी काळपट होते, वाकवली की कडकन मोडते. मग डब्यात.

मला सगळ्यात आवडते ती निखाऱ्यावर भाजून पाट्यावर ठेचलेली चानी, वर तेलाची धार आणि ज्वारीची गरम भाकरी. पावसाळ्यात घरात भाजी नसली की आई मूठभर चान्या तुरीच्या डाळीत टाकते.